आंब्याचा शिरा : पंचवीस मिनिटांचें पक्वान्न

वैशाखाचें ऊन तापूं लागलें आणि मुलांच्या शाळांना सुट्या लागल्या, म्हणजे आपल्या घरांतून माणसांची वर्दळ वाढते. माहेरवाशिणी येतात, भाचरें येतात, मुंजी-लग्नांच्या निमित्तानें गांवांत आलेले सोयरे 'उभ्या उभ्या भेटून जाऊं' म्हणून ऐन दुपारीं दारांत उभे राहतात. अशा वेळीं पुरणाचा घाट घालावयास सवड नसते, श्रीखंडासाठीं चक्का टांगलेला नसतो, आणि बाजारची मिठाई पानांत वाढणें गृहिणीच्या जिवावर येतें. मात्र ह्याच दिवसांत घरांत पिकलेले आंबे असतात. त्यांतील दोन-चार फळें, वाटीभर रवा आणि थोडें साजूक तूप एवढ्या सामग्रीवर पंचवीस मिनिटांत सिद्ध होणाऱ्या आंब्याच्या शिऱ्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

शिरा कोणाला येत नाहीं, असें कोणी म्हणेल. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, साखर आणि तूप सव्वाच्या मापानें समसमान घेऊन शिरा करावयाचा, हें तर आपण लहानपणापासून पाहत आलों. मलाहि शिरा येतो अशीच माझी समजूत होती. ती कशी उतरली, तें अगोदर सांगतें.

ही १९७८ सालची गोष्ट. लग्न होऊन मी कोंकणांतील सासरीं गेलें, त्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. माजघराशेजारच्या खोलींत गवताची आढी घातलेली असे. रोज सकाळीं सासूबाई ती उलगडून आंबे निवडीत. अखंड, देखणीं फळें पाहुण्यांसाठीं आणि पुरुषमंडळींच्या पंक्तीसाठीं. डाग पडलेलीं, देंठाशीं मऊ झालेलीं मागच्या पंक्तीसाठीं, म्हणजे आम्हां बायकांसाठीं. एके दिवशीं अकराच्या सुमारास वन्संच्या सासरचीं पांच माणसें अवचित आलीं. चांगले आंबे आदल्याच दिवशीं संपले होते. सासूबाई म्हणाल्या, "त्या डागी आंब्यांचा चांगला भाग काढ आणि शिरा कर. मी पानांचें पाहतें."

मीं घाईघाईनें रवा अर्धामुर्धा भाजला, आणि दूध, साखर व आमरस हीं तिन्ही एकदमच कढईंत ओतलीं. थोड्याच वेळांत दूध फाटून त्याच्या कण्या झाल्या; जागोजाग गुठळ्या धरल्या; आणि शिजवून शिजवूनहि रवा दातांखालीं कचकच लागूं लागला. सासूबाईंनीं कढईंत एकदां पाहिलें, आणि कांहीं न बोलतां वर झांकण ठेवलें. पाहुण्यांच्या पानांत त्या दिवशीं बरणींतला साखरांबा वाढला गेला.

पहिली पंक्त उठल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल, पुन्हां कढई चढव." स्वतः शेजारीं उभ्या राहिल्या. मी साखरेच्या डब्याला हात घालतांच त्यांनीं तो धरला. "अगं, आधीं रव्याचें पोट भरूं दे. भुकेल्या रव्याला साखर दिलीस तर तो मग पाणी पीत नाहीं." शिरा उतरल्यावर त्यांनीं एक वाटी भरून माझ्या हातांत दिली. "गरम आहे तोंवर खा. ह्या घरांत येऊन मला सत्तावीस वर्षें झालीं. इतक्या वेळां शिरा केला, पण गरम म्हणून कधीं खाल्ला नाहीं."

त्या दोन वाक्यांतील पहिल्या वाक्याचा अर्थ मला पुढें पुष्कळ वर्षांनीं शास्त्राच्या भाषेंत कळला. साखर पाण्याला आपल्याकडे ओढून धरते. रव्याचे कण फुगून मऊ व्हावयाचे, तर त्यांतील पिठूळ अंशाला गरम पाणी मुबलक मिळावें लागतें. साखर आधीं पडली कीं तें पाणी तिच्या वांट्याला जातें आणि रवा कोरडाच राहतो. आंब्याचीहि तशीच गोष्ट. फळ पिकतांना त्यांतील आम्लता कमी होते, पण ती अजिबात जात नाहीं. अत्यंत गोड हापुसांतहि ती थोडीफार असते. रायवळ किंवा अर्धवट पिकलेल्या फळांत तर बरीच. उकळत्या दुधांत अशा आंब्याचा रस पडला कीं दूध नासतें. तेंच दूध अगोदर रव्यांत जिरलें असेल, तर शिजलेला रवा त्याला धरून ठेवतो आणि फाटण्याचें भय फारसें उरत नाहीं. म्हणून ह्या पाकक्रियेंत प्रमाणापेक्षां क्रम महत्त्वाचा: प्रथम तूप आणि रवा, मग पाणी व दूध, मग साखर, आणि सर्वांच्या शेवटीं आंबा.

आतां प्रमाण. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'नें वाटी-चमच्याचें माप घरोघर पोंचविलें. त्याच मापानें मी सांगतें. चार-पांच माणसांसाठीं एक वाटी जाड रवा, अर्धी ते पाऊण वाटी साजूक तूप, दीड वाटी पाणी, अर्धी वाटी दूध, एक वाटी घट्ट आमरस, पाऊण वाटी साखर, चार-पांच वेलदोड्यांची पूड, आठ-दहा काजू किंवा बेदाणे, आणि चिमूटभर मीठ. आंबा फार गोड असेल तर साखर अर्ध्या वाटीवर आणावी.

आंबे निदान अर्धा तास पाण्यांत बुडवून ठेवावे, आणि देंठाकडील चीक धुऊन काढावा. नाहीं तर रसाला तुरट वास येतो. हापुसाचा रस घट्ट व धाग्यावांचून असतो. पायरीचा पातळ आणि किंचित् आंबूस. तो घेतल्यास पाणी पाव वाटी कमी करावें. रायवळाच्या रसांत धागे असतात, म्हणून तो चाळणींतून गाळावा. डागी फळ वापरावयास हरकत नाहीं, पण डाग खोलवर कापून टाकावा, आणि कापलेल्या फळाला आंबल्याचा वास येत असेल तर मोह न धरतां तें फेंकून द्यावें. हापूस कापला असतां कधीं कधीं बाठ्याजवळ पांढुरका, भुसभुशीत, आंबट गर सांपडतो. त्याला आपण साका म्हणतों. तोहि काढून टाकावा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रांत नीलम आणि हापूस यांच्या संकरांतून तयार होऊन १९८१ सालीं प्रसारित झालेली 'रत्ना' जात ह्या दोषापासून मुक्त आहे, म्हणून शिऱ्याला ती फार सोयीची.

भांडें जाड बुडाचें असावें. लोखंडी कढईंत आंब्याचा रंग काळवंडतो, आणि कल्हई गेलेल्या पितळेंत आंबट रस कळकतो. आज बहुतेक घरीं जाड बुडाचीं स्टीलचीं पातेलीं असतात, तीं उत्तम. निम्मे तूप तापवून त्यांत काजू तळून बाजूस काढावे, आणि त्याच तुपांत रवा घालून मंद आंचेवर आठ-दहा मिनिटें भाजावा. रंग गडद होऊं देऊं नये, नाहीं तर आंब्याचा पिवळेपणा झांकला जातो. रवा हलका होऊन उलथन्यावरून सरसर निसटूं लागला आणि खमंग वास सुटला, कीं भाजणें पुरे. तोंवर दुसऱ्या शेगडीवर पाणी, दूध व मीठ एकत्र उकळत ठेवावें. हें उकळतें मिश्रण रव्यावर थोडें थोडें ओतून ढवळावें. वाफेचा फवारा उठतो, म्हणून हात दूर ठेवावा. गार पाणी घातल्यास गुठळ्या होतात.

मग झांकण ठेवून चार-पांच मिनिटें मंद वाफ आणावी. एक कण बोटांत दाबून पाहावा. मध्यें टणक लागला तर चमचाभर गरम पाणी शिंपडून पुन्हां वाफ आणावी. पुढें घाई करूं नये. रवा पुरता मऊ झाल्यावर साखर घालावी. ती विरघळतांच शिरा पातळ झालेला दिसतो. घाबरूं नये, तीन मिनिटांत तो आळतो. त्यानंतर आमरस आणि उरलेलें तूप घालून तीन-चार मिनिटें परतावें. ह्याहून अधिक शिजवूं नये, कारण आंब्याचा सुवास उडून जाणारा असतो. कडेनें तूप सुटूं लागलें कीं वेलदोड्याची पूड व काजू घालून भांडें उतरावें. आंब्यांतील ज्या पिवळ्या द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें, तें स्निग्धांशाबरोबर अधिक चांगलें पचतें. तेव्हां येथें तूप निव्वळ चैनीचें नाहीं.

मोठ्या कुटुंबासाठीं तिप्पट शिरा करावयाचा झाल्यास रवा दोन वेळां वेगवेगळा भाजावा. एकदम घातल्यास खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. मोठ्या भांड्यांत पाणी त्या मानानें कमी आटतें, म्हणून सहा वाट्यांऐवजीं साडेपांच वाट्याच द्रव घ्यावा. आंबे संपल्यावर हाच शिरा बरक्या फणसाचा रस गाळून करतां येतो. अननसाचा करावयाचा तर फोडी अगोदर साखरेंत शिजवून घ्याव्या. कच्च्या अननसांतील पाचक द्रव्य दूध नासवून कडू करतें, आणि तें शिजविल्यानें निष्प्रभ होतें.

राहिली एक गोष्ट. आंब्याच्या शिऱ्याला वाट पाहणें सोसत नाहीं. गार होऊं लागतांच तूप गोठतें, रवा घट्ट होतो, आणि पहिल्या पंक्तीला मऊसूत लागलेला शिरा तिसऱ्या पंक्तीला वडीसारखा होतो. आपल्या घरांतून तिसरी पंक्त कोणाची असे, हें सांगावयास नको. तेव्हां ज्या दिवशीं हें पक्वान्न करावयाचें, त्या दिवशीं पानें अगोदर घ्यावीं, सर्वांना बसवावें, आणि जिनें शेगडीपुढें उभें राहून उलथनें चालविलें तिलाहि बसवावें. वाढण्याचें काम घरांतील मुलांनीं आणि पुरुषांनीं करण्यांत कांहींच अवघड नाहीं. आमच्या घरीं तें पुष्कळ वर्षें चाललें आहे.

सासूबाई आज हयात नाहींत. अखेरच्या कांहीं उन्हाळ्यांत त्यांना पंक्तींत बसवत नसे, म्हणून कढई उतरली कीं पहिली वाटी त्यांच्या खोलींत जाई. त्या वाटी दोन्ही हातांनीं धरीत, थोडा वेळ तशाच बसत, आणि मग म्हणत, "गरम आहे गो."