गर्भाशयाचा वाफसा

पाऊस उघडला म्हणून शेतकरी लगेच पाभर जुंपत नाही. मूठभर माती उचलतो, दाबून लाडू वळतो आणि खाली टाकतो. लाडू फुटला तर वाफसा आला. नाही फुटला तर थांबायचं. बियाणं कितीही नामी असो, पेरणी वाफशावरच.

गर्भाशयाच्या अस्तरालाही वाफसा येतो. दर पाळीत, जेमतेम दोन-चार दिवस. एरवी हे अस्तर गर्भाला थारा देत नाही. गंमत बघा, गर्भनलिकेत तो कधीकधी चुकून रुजतो. पण जे घर त्याच्यासाठीच बांधलंय, तिथे मात्र मुहूर्त पाळावा लागतो!

हा मुहूर्त किती काटेकोर? अमेरिकेतल्या ॲलन विल्कॉक्स यांच्या गटाने स्त्रियांच्या रोजच्या लघवीतलं संप्रेरक मोजून १९९९ मध्ये तो दाखवला. सहा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेल्या १४१ गर्भधारणांपैकी ८४ टक्के, स्त्रीबीज सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजल्या होत्या. न टिकलेल्याही धरल्या, तर नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच गळाल्या. अकराव्या दिवशी रुजलेल्यांपैकी तब्बल ५२ टक्के.

मग आयव्हीएफमध्ये भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी, म्हणजे ‘ट्रान्सफर’आधी, माती तपासता येईल का? १९५० पासून डॉक्टर अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचा ‘दिवस’ ओळखत. २०११ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात कार्लोस सिमोन यांच्या गटाने रूपाऐवजी जनुकांना विचारलं. २३८ जनुकांपैकी कोणती जागी आहेत, कोणती झोपलेली, यावरून अस्तर तयार आहे की नाही ते सांगणारी ‘ईआरए’ चाचणी त्यांनी मांडली.

त्यासाठी आधी एक रंगीत तालीम होते. औषधं खऱ्या ट्रान्सफरसारखीच, पण भ्रूण गोठवलेलेच राहतात. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू करून साधारण पाच दिवस झाले की बारीक, लवचीक नळीने अस्तराचा कणभर तुकडा काढतात. क्षणभर पोटात जोरात कळ येते. ‘अजून कच्चं’ असा निकाल आला, तर पुढच्या वेळी प्रोजेस्टेरॉन काही तास जास्त देऊन मग ट्रान्सफर करायचं.

कल्पना इतकी देखणी की ती खरी ठरायलाच हवी असं वाटतं. पण २०२२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ७६७ स्त्रियांवरची चाचपणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांचे भ्रूण गुणसूत्रं तपासून निवडलेले. चाचणीनुसार वेळ साधलेल्या गटात ५८.५ टक्के स्त्रियांना मूल झालं. नेहमीच्या वेळेला ट्रान्सफर केलेल्या गटात ६१.९ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणजे चाचणीचा फायदा दिसला नाही. युरोपातल्या ‘एश्रे’ या तज्ज्ञसंस्थेनेही २०२३ मध्ये ती सरसकट करू नये असाच सल्ला दिला.

म्हणजे वाफसा खोटा नाही. तो ओळखणारी मूठ अजून आपल्या हाती आलेली नाही. तुम्हाला कोणी ही चाचणी सुचवली, तर फी विचारण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: ‘डॉक्टर, माझ्यासारख्या बाईला हिने मूल होण्याची शक्यता वाढते, हे कशावरून?’