वर्धा रोडवरचा एक मिलिमीटर

नागपूरचे एम्स मिहान परिसरात आहे. मिहानला लागूनच वर्धा रोड जातो. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चाच हा तुकडा. माणसाच्या जनुकसंचाची एक प्रत या महामार्गावर लिहून काढायची ठरवली, अक्षराला एक मिलिमीटर, तर सुमारे ३१० कोटी अक्षरांना ३,१०० किलोमीटर रस्ता लागेल. प्रत्येकाच्या पेशीत अशा दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची.

कोणत्याही दोन माणसांच्या प्रती शेजारी ठेवल्या तर साधारण मीटरभर अंतरावर एखादे अक्षर वेगळे निघते. म्हणजे तीसेक लाख फरक. त्यातले नेमके कोणते फरक एखाद्या पोरीचा गुडघा सुजवतात?

सकाळी ती पलंगावरून उतरते तीच लंगडत. उकिडवे बसता येत नाही, गुडघा गरम लागतो. दहा वाजेपर्यंत अंग मोकळे होते, दुपारी ती खेळते, आणि घरचे म्हणतात, वाढीचे दुखणे असेल. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्यांची सूज म्हणजे बालसंधिवात. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये अशी २२ मुले नोंदवली होती. आजचे जागतिक अंदाज लाख मुलांमागे १६ ते १५० असे आहेत.

या आजाराच्या जनुकीय धोक्याचा सर्वांत ठळक वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या सुमारे ४० लाख अक्षरांत आहे. आपल्या रस्त्यावर जेमतेम चार किलोमीटर. आपले कोण, परके कोण हे शरीराला ओळखू देणारी एचएलए जनुके इथेच आहेत, आणि त्यांची ४० हजारांहून अधिक रूपे आजवर नोंदली गेली आहेत. २०१३ मध्ये युरोपीय वंशाची २,८१६ रुग्ण मुले आणि १३,०५६ निरोगी माणसे यांची तुलना झाली, तेव्हा जनुकसंचातल्या १७ जागा पक्क्या ठरल्या. त्यांपैकी १४ नव्या होत्या.

त्या १७ पैकी एक म्हणजे पीटीपीएन२२ हे जनुक. त्यात एका ठिकाणी ‘सी’च्या जागी ‘टी’ आला की धोका साधारण दीडपट होतो. ३,१०० किलोमीटरमधला एक मिलिमीटर! पण दीडपट म्हणजे किती? हजारात एकाचे हजारात दीड.

या जागी ‘टी’ हे अक्षर युरोपात बऱ्यापैकी आढळते, भारतात मात्र विरळ. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांच्या नोंदींत स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे सूज येणारा बालसंधिवाताचा प्रकार जास्त दिसतो. तो मुलग्यांत अधिक, आणि त्याचे नाते एचएलए-बी२७ या जनुकरूपाशी. तरीही बी२७ असलेल्या बहुतेकांना आयुष्यात काहीही होत नाही. युरोपच्या मुलांवरून काढलेला हिशेब गोंदिया-गडचिरोलीच्या मुलांना जसाच्या तसा लावणे मला चुकीचे वाटते. जानेवारी २०२५ मध्ये जीनोमइंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली केली. नमुने ८३ समाजगटांचे. देशात असे गट ४,६०० हून अधिक आहेत. आपल्या रुग्ण मुलांची मोजदाद अजून व्हायचीच आहे.

निदान झाले की घरात विचारणा सुरू होते: तुमच्या माहेरी कुणाला होता हा वात? त्या आईसाठी दोन आकडे. एकाला आजार असेल तर सख्ख्या भावंडाचा धोका दहा-पंधरापट वाढतो, तरी शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भावंडे निरोगीच राहतात. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होण्याचे प्रमाण २५ ते ४० टक्केच सांगितले जाते. दोघांची ३१० कोटी अक्षरे जवळपास तीच, आणि तरीही! दोष आईचा नाही, बापाचाही नाही.

मूल रोज सकाळी आखडत असेल, सांधा सुजलेला राहत असेल, तर आपोआप बरे होईल म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि निदान झाल्यावर नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट लॅम्पची तपासणी ठरल्या वेळी करून घ्याच, कारण या आजारात डोळ्याच्या आत येणारी सूज अनेकदा ना दुखते, ना डोळा लाल करते.