उपाशी राहणं त्यातल्या त्यात सोपं

योम किप्पूर, म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. त्याच्या उपवासाचं लोकांना फार कौतुक. ठाण्याला आमच्या इमारतीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "पाणीसुद्धा नाही?" नाही. सूर्यास्तापूर्वी सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, सुमारे 25 तास. अन्नपाणी नाही, आंघोळ नाही, चामड्याची चप्पल नाही. पण जिथे बायका निर्जला एकादशी करतात तिथे उपवासाची बढाई मी काय मारणार? अवघड असतात ते आधीचे दिवस.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. कोकणात आमचे तेलाचे घाणे होते, ते शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीसाठी, बंद. म्हणून आम्ही शनवार तेली. योम किप्पूरला जुनी माणसं दारफळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसत. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा. पुढे सिनेगॉग झाली, मुंबईत पहिलं 1796 साली, अलिबागला 1848 साली, आणि सगळे तिकडे जमू लागले.

तयारी एलुल महिन्यापासून चालते. पहाटे सलिहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना. मग नवं वर्ष, रोश हशाना, आणि तिथपासून धरून दहावा दिवस योम किप्पूर. या दहा दिवसांत माणसाने माणसांकडे जायचं असतं. मिश्ना या आमच्या धर्मनियमांच्या ग्रंथाचा नियम स्पष्ट आहे: देवाचा केलेला अपराध हा दिवस धुऊन काढील, शेजाऱ्याचा केलेला अपराध शेजाऱ्याची समजूत काढल्याखेरीज सुटत नाही. योम किप्पूरच्या सुरुवातीच्या कोल निद्रे प्रार्थनेत नवस-शपथा रद्द होतात, त्यासुद्धा देवाशी केलेल्या. वाण्याची उधारी तशीच राहते.

माझे बाबा अलिबागला एसटीत कारकून होते. रोश हशाना झाला की वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायचे. त्यात आळीतले यहुदी असत, तसे कचेरीतले शिपाईही. एका वर्षी एक कोळीण होती. पापलेट शिळं म्हणून बाबांनी चारचौघांत तिला बोल लावला होता. बाबा बाजारात तिच्यासमोर उभे राहिले नि काय बोललो होतो ते शब्दाशब्दाने सांगून माफी मागितली. ती घाबरलीच. "सायेब, तब्येत बरी हाय ना?"

नाव घेऊन, गुन्हा सांगून माफी मागायची, हा त्यांचा हट्ट. कुणाचे पैसे अडकलेले असतील तर आधी ते द्यायचे, मग तोंड उघडायचं. समोरचा नाही म्हणाला तर? बाराव्या शतकातला यहुदी धर्मपंडित मायमोनिडीस याने तेही लिहून ठेवलंय: तिघांना सोबत घेऊन जा, पुन्हा जा, तिसऱ्यांदा जा. त्यावरही तो ऐकेना तर पाप त्याचं. आणि माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी अपराध कबूल करायचा. कुंपणाच्या भांडणातल्या एका शेजाऱ्याकडे बाबा तिन्ही वेळा गेले. दार उघडलं नाही. "माझा हिशेब मिटला, आता त्याचा सुरू," एवढं म्हणून ते अंघोळीला गेले.

आता व्हॉट्सॲपवर "कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी" असा एकच निरोप दोनशे जणांना जातो. माझ्या मते ती माफी नव्हे. ज्याला खरंच दुखावलं त्याला आपण त्या दोनशेंत लपवतो. मी फोन करते. नणंदेला फोन लावायला मला दहाच्या दहा दिवस लागतात, पण लावते.

यहुदी महिनेही चंद्रावरच चालतात, म्हणून तिश्री महिन्याची ही दशमी, म्हणजे योम किप्पूर, कधी दसऱ्यालाच येते. 2025 साली 2 ऑक्टोबरला तशी आली. खाली झेंडूच्या राशी, वर आम्ही उपाशी. 2026 साली उपवास 20 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होईल, तेव्हा गणपती असतील. शेजारी कुणी बेने इस्रायल असेल तर त्या दिवशी "हॅपी" वगैरे म्हणू नका. "उपवास सोपा जावो" म्हणा. आणि काही मागणं-देणं राहिलं असेल तर आदल्या दिवशीच काढा. आम्ही ऐकायला तयार असतो.