पेशीच्या गडाचे पहारेकरी

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात राहत असाल, तर बिबट्या तुम्हांला नवा नाही. ऊसतोडणीच्या वेळी फडात त्याची पिल्ले सापडतात, पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण एवढ्या बलदंड जनावराला एका मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाएवढा शत्रू लोळवतो, हे ऐकले आहे का? २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. तपासणीत आढळले, की त्यांना एच५एन१ या इन्फ्लुएंझा विषाणूची बाधा झाली होती. हा मुळात पक्ष्यांचा रोग. आपण त्याला बर्ड फ्लू म्हणतो.

आता दुसरी घटना पाहा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत हाच रोग आला. भारतातील ती त्याची पहिली साथ. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्या शेडमध्ये रोज वावरणारी माणसे थोडी नव्हती. तरी त्या साथीत एकाही माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झाले नाही. असे का व्हावे?

याची कारणे अनेक आहेत. पक्ष्यांचा विषाणू पेशीवरील ज्या शर्करेला चिकटतो, तिचा तो प्रकार आपल्या नाका-घशात फार कमी असतो, हे एक कारण. पण त्यातूनही विषाणू आत शिरलाच, तर पेशीच्या आत पहारेकरी उभे असतात. ते पहारेकरी म्हणजे काही विशिष्ट प्रथिने. आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

पहिल्या दरवाजाच्या आत

शिवनेरीची सहल तुम्ही केली असेल. मुख्य वाटेने गेल्यास एकामागून एक सात दरवाजे लागतात. महादरवाजा ओलांडला म्हणजे गड हाती आला, असे नव्हे. दोन दरवाजांच्या मध्ये सापडलेला शत्रू तिथेच कोंडता येतो.

पेशीचेही तसेच आहे. विषाणू पेशीला चिकटला, की पेशीचे पटल आत वळते आणि त्याला एका सूक्ष्म पिशवीत घेते. विषाणू आता पेशीत आला खरा, पण पिशवीची भिंत त्याच्याभोवती आहेच. पुढे पिशवीतील द्रव हळूहळू आम्ल होत जातो. विषाणू याचीच वाट पाहत असतो. आम्लामुळे त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा आकार बदलतो, विषाणूचे आवरण पिशवीच्या भिंतीशी एकजीव होते, भिंतीला भोक पडते आणि विषाणूची जनुके बाहेर निसटतात.

नेमका इथे पहिला पहारेकरी उभा असतो. त्याचे नाव आयएफआयटीएम-३. अवघ्या १३३ अॅमिनो आम्लांचे हे चिमुकले प्रथिन पिशवीच्या भिंतीतच बसते आणि ती अशी ताठ करते, की भोक पुरते पडतच नाही. अडकलेला विषाणू मग पेशीच्या पाचक रसांच्या तावडीत सापडून नष्ट होतो. पेशीतील एकेक जनुक बंद करून पाहताना शास्त्रज्ञांना २००९ साली याचे हे काम उमगले.

त्याच वर्षी पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली होती. ऑगस्टमध्ये देशातील त्या रोगाचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. विषाणू एकच, पण कोणी दोन दिवस खोकून बरा झाला, तर कोणी रुग्णालयात गेला. २०१२ साली ब्रिटनमधील रुग्णांच्या अभ्यासात दिसले, की रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये आयएफआयटीएम-३ च्या जनुकाचा एक वेगळा प्रकार अपेक्षेपेक्षा जास्त होता. हे एकमेव कारण नव्हे. पण पहारेकरी सर्वांचे सारखे नसतात, हे त्यातून कळले.

दुसरा पहारेकरी

समजा, पहिला पहारा चुकवून विषाणूची जनुके बाहेर पडली. ती आठ तुकड्यांत असतात आणि प्रत्येक तुकडा प्रथिनात गुंडाळलेला असतो. त्यांना केंद्रकात जाऊन आपल्या प्रती काढायच्या असतात. वाटेत त्यांना एमएक्स-ए हे प्रथिन गाठते. याचे अनेक रेणू एकत्र येऊन कडे करतात आणि त्या गुंडाळीला धरून ठेवतात, असे शास्त्रज्ञ मानतात.

आपल्या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे. पक्ष्यांचे विषाणू एमएक्स-ए च्या तावडीत सहज सापडतात. माणसांत रुळलेल्या फ्लूच्या विषाणूंनी मात्र आपली गुंडाळी बदलून त्याला बऱ्याच अंशी चकवले आहे. चीनमध्ये एच७एन९ हा पक्ष्यांचा फ्लू झालेल्या काही रुग्णांत या प्रथिनाचे जनुकच सदोष आढळले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पहारेकरी दुबळा असला, की पक्ष्यांचा विषाणू माणसात शिरतो, हे त्यावरून दिसते.

शेजारच्या वस्तीला निरोप

मळ्यातील एका वस्तीवर रात्री बिबट्या दिसला, तर लोक काय करतात? लगेच शेजारच्या वस्तीला कळवतात. तिथे बिबट्या पोचण्याआधीच शेळ्या आत घेतल्या जातात आणि दारांना कड्या लागतात. पेशीही हेच करते. बाधा झालेली पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशींना पोचले, की त्या आपले पहारेकरी प्रथिने भराभर बनवू लागतात. फ्लूमध्ये अंग मोडून येते, त्यात या निरोपाचाही वाटा असतो.

याचा शोध १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमान यांनी लावला. त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील पटलाच्या तुकड्यांबरोबर ठेवला. नंतर तो द्रव ताज्या तुकड्यांना दिला आणि त्यांवर जिवंत विषाणू सोडला. तो वाढेना! याच लिंडेनमान यांना पुढे १९६२ साली फ्लूला दाद न देणारे उंदीर आढळले. त्यांच्या अभ्यासातूनच पुढे एमएक्स प्रथिने हाती आली.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. एनएस-१ नावाच्या आपल्या प्रथिनाने तो हा निरोपच दाबून टाकतो. म्हणून केवळ पहारेकऱ्यांवर विसंबून चालत नाही. २०२१ साली हरियाणातील एक मुलगा एच५एन१ मुळे दगावला. भारतातील तो पहिलाच मानवी बळी. तेव्हा मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि अंडी व मांस नीट शिजवूनच खा.

जाता जाता एक प्रश्न. आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी वापरलेला विषाणू तर निष्प्रभ केलेला होता. मग त्या पटलातील पेशी सावध कशा झाल्या? निष्प्रभ विषाणूत काय शिल्लक राहिले असेल? विचार करा, आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांशी चर्चा करा.