वर नाही, आडवं

मंगळवारची दुपार. सिद्धिविनायकाची रांग रस्त्यावर आलेली, आणि प्रभादेवीतल्या एका जुन्या चाळीच्या गॅलरीत नववीतला एक मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. त्याच्या पडद्यावरचं रॉकेट वर जाता जाता एका बाजूला कलत होतं. पडणार हे, असं मी म्हणालो. "नाही काका. वर नाही, आडवं जायचं असतं," मान वर न करता तो म्हणाला. त्या वाक्यासाठी मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिलो आणि तो खेळ स्वतःही खेळू लागलो.

खेळाचं नाव 'स्पेसफ्लाइट सिम्युलेटर'. टाक्या, इंजिनं, कॅप्सूल बोटाने ओढून एकावर एक रचायची आणि रॉकेट सोडायचं. शत्रू नाही, गुण नाहीत. कुठे जायचं तेही आपणच ठरवायचं.

इथली पृथ्वी खऱ्या पृथ्वीच्या साधारण विसाव्या हिश्श्याची आहे. त्रिज्या ३१५ किलोमीटर, वातावरण ३० किलोमीटरवर संपतं. जमिनीवरचं गुरुत्वाकर्षण मात्र खऱ्याइतकंच. त्यामुळे कक्षेत टिकायला लागणारा वेग वीस पटींनी नाही, विसाच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे सुमारे साडेचार पटींनी. खरा वेग सेकंदाला ७.८ किलोमीटरच्या आसपास; इथे वातावरणाच्या जरा वर १,६८० मीटर. वर्गमुळाचं हे गणित त्या मुलाला कुणी सांगितलेलं नाही. त्याला आकडा ठाऊक आहे. "सोळाशे ऐंशी झाले की सोडायचं."

हे सोडणं पाहण्यासारखं असतं. नकाशात रॉकेटची पुढची वाट रेघेने दिसते. सुरुवातीला ती कमानीसारखी वळून जमिनीत घुसते. आडवा वेग वाढेल तशी कमान रुंदावते, पलीकडचं टोक दूर दूर सरकतं आणि एका क्षणी जमिनीला न शिवता रेघ पूर्ण फिरून स्वतःला मिळते. मुलगा इंजिन बंद करतो आणि अंगठा उचलतो. रॉकेट पडतच असतं, पण दर वेळी जमीन चुकवून. न्यूटनने डोंगरावरच्या तोफेची कल्पना मांडली ती हेच समजावण्यासाठी. पुस्तकातल्या आकृतीने मला जे कधी पटवलं नव्हतं, ते या उचललेल्या अंगठ्याने पटवलं.

आणि मग हाच आकडा दुसरीकडे भेटला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर उतरायला लागला, तेव्हा तो चंद्रापासून ३० किलोमीटर उंचीवर होता आणि त्याचा आडवा वेग होता सेकंदाला १.६८ किलोमीटर. सोळाशे ऐंशी! योगायोगच, पण मी सांगितल्यावर मुलगा मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. एवढा वेग विक्रमला १९ मिनिटांत शून्यावर आणायचा होता, तोही स्वतःच्या बुद्धीने. बेंगळुरूत बसलेल्यांच्या हातात तेव्हा पाहण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. आधीचा विक्रम २०१९ च्या सप्टेंबरमध्ये याच उतरणीवर कोसळला होता. म्हणून नव्याला जास्त इंधन दिलं, पाय भक्कम केले, उतरण्याची जागा अर्धा किलोमीटरच्या चौकोनावरून चार बाय २.४ किलोमीटरपर्यंत वाढवली. आमचा मुलगाही यान चंद्रावर आदळलं की परत रचायला बसतो, पायांमधलं अंतर वाढवतो. त्याला कुणी रागावत नाही, वेळ संपत नाही. हा खेळ मला मोलाचा वाटतो तो यासाठी.

एक उणीव मात्र मला खुपते. इथे इंजिन फुकट मिळतं. बोटाने ओढलं की आलं. ते घडवणारी, जोडणारी, तपासणारी माणसं खेळात कुठेच नाहीत. चांद्रयान नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या मधल्या टप्प्यात दोन 'विकास' इंजिनं असतात, आणि इस्रोसाठी ही इंजिनं गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात बनत आली आहेत. हे मी त्याला सांगितलं.

"विक्रोळी? आपली, सेंट्रलवरची?"

हो म्हटल्यावर त्याने लगेच विचारलं, शाळेने पत्र दिलं तर आत जाऊन बघू देतील का, आणि ते पत्र मराठीत लिहायचं की इंग्रजीत.