मणाचे चार तुकडे

उन्हाळ्याच्या सुटीत सिमरोलच्या आमच्या घरी नातवंडे जमली असता आम्ही त्यांजपुढे एक जुने कोडे ठेवले. मणाचा, म्हणजे ४० शेरांचा, धोंडा पडून त्याचे चार तुकडे झाले. त्या चारांनीच १ ते ४० पर्यंत प्रत्येक पुरा शेर तोलता यावा, तर तुकडे केवढाले? १९५८ पासून मेट्रिक वजने प्रचारात आली, तेव्हा मण म्हणजे काय, हे आधी समजावणे आलेच!

उत्तर १, ३, ९ व २७. खुबी एवढीच की, तुकडा मालाच्या पारड्यातही घालावा. पाच शेरांस एकीकडे ९, मालाकडे ३ व १. हे प्रथम उमगले ते गणितात नापास झालेल्या धाकट्यास. त्याने माळ्यावरील तराजूच मागून घेतला. पाटीवर अडलेली वजाबाकी पारड्यात सुटली. त्याला 'मठ्ठ' म्हणणारे आम्हीच ओशाळलो.

मग नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'तील अंकांचा हार दाखविला : १४२८५७१४३ ला ७ ने गुणिले असता १००००००००१. तो मुलांनी उलटसुलट वाचला.

धाकटा मात्र तराजूपाशीच. तेवीस शेर कसे तोलावे, असे तो आता आम्हांस विचारतो. वाचकांनीही आपल्या घरी विचारून पाहावे.