शाळेची घंटा आणि मधली भिंत

आमच्या गच्चीवरून नातीच्या शाळेचें पटांगण दिसतें. घंटाही स्पष्ट ऐकूं येते. शेजारच्या सोसायटीचें आवार ओलांडतां आलें असतें, तर मुलगी 200 पावलांत वर्गांत पोहोंचली असती. पण मध्यें भिंत आहे. म्हणून गल्लीच्या तोंडाशीं बाहेर पडावयाचें, हमरस्त्यानें चालावयाचें आणि दुसऱ्या गल्लीनें पुन्हां आंत शिरावयाचें. एकंदर मैलाचा फेरा. सत्तरीकडे झुकलेल्या माझ्या गुडघ्यांस तो झेपत नाहीं, आणि हमरस्त्यावर पोरीस एकटी सोडण्याचा धीर होत नाहीं. तेव्हां रिक्षा.

माझें बालपण पुण्याच्या सदाशिव पेठेंत गेलें. तेथील बोळ अरुंद व वांकडेतिकडे खरे; परंतु एका बोळांत शिरलेला मनुष्य दुसरीकडून निघे. कित्येक वाड्यांतून तर पुढल्या दारानें शिरून मागल्या दारानें पलीकडच्या रस्त्यावर जातां येई. फार तर कोणी ‘कोणाकडे?’ एवढें विचारी. पुढें शहर पेठांबाहेर पसरलें. महापालिकेच्या हद्दींत 2017 सालीं 11 व 2021 सालीं 23 गांवें आलीं. अशा गांवांतून शेतें जशीं तुकड्यातुकड्यांनीं विकलीं गेलीं, तशा गल्ल्या पडल्या. ज्यानें त्यानें आपल्या तुकड्यापुरता रस्ता काढला; तो शेजाऱ्याच्या बांधाशीं संपला, आणि बांधाची भिंत झाली.

बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल या संशोधकांनीं जगांतील रस्त्यांचीं जाळीं मोजून 2020 सालीं निबंध प्रसिद्ध केला. संस्कृतांत चौकास चतुष्पथ म्हणतात. असे चतुष्पथ जितके अधिक, तितकें नगर सांधलेलें. वाट खुंटलेलीं टोकें जितकीं अधिक, तितकें तें तुटक, असा त्यांच्या गणनेचा साधारण रोख. अमेरिकेंत हा तुटकपणा 1994च्या सुमारास शिगेस पोहोंचून पुढें उतरूं लागला, असें त्यांस पूर्वींच आढळलें होतें. घर पाडून पुन्हां बांधतां येतें. रस्त्याची आखणी एकदां बसली कीं पिढ्यान्‌पिढ्या हलत नाहीं. साऱ्या गल्ल्या एकाच हमरस्त्यास मिळाल्या म्हणजे तेथें कोंडी होते, आणि मग आपण उड्डाणपूल मागतों!

आतां कबुली देतों. चोरांच्या भयानें भिंत घालण्याचा ठराव आमच्या सोसायटीच्या सभेंत आला, तेव्हां त्यास अनुमोदन मींच दिलें होतें. गेल्या महिन्यांत तींत एक लहानसें दार ठेवावें असा अर्ज केला, तों सभासदांनीं माझेच त्या वेळचे मुद्दे मला ऐकविले. पलीकडील सोसायटीचे चिटणीस माझे जुने विद्यार्थी निघाले. त्यांस भेटावयास रविवारीं जाणार आहें, अर्थात् रिक्षानें.